गळ्यातले चार दाणे

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीचा शनिवार जनावरांचा. दौंड-मनमाड लोहमार्गावरचं हे गाव एरवी ऊस आणि दूध यांत गुंतलेलं असतं. शनिवारी मात्र टेम्पो आणि पिकअप भरभरून गाई, म्हशी, बैल, शेळ्या उतरतात. खिलार खोंड बघणारा आधी दात बघतो: दोनदाती, चौसा, सहादाती की जुळलेला. दुभत्या गाईपाशी थांबलेल्याचे प्रश्न वेगळे. कितवं वेत? दोन वेळचं दूध किती? चारही सड चालू आहेत ना? आणि गाय तिसऱ्या-चौथ्या वेताची, भरपूर दुधाची असेल तर मुरलेलं गिऱ्हाईक आणखी एक गोष्ट हळूच विचारून घेतं: मागच्या वेताला बसली होती का?

या प्रश्नामागे गोठ्यातला एक मोठा धसका आहे. धडधाकट गाय व्याल्यावर एक-दोन दिवसांत अडखळायला लागते, मागचे पाय लटपटतात आणि मग ती बसते ती उठतच नाही. कान गार पडतात, मान वळून कुशीवर येते. उपचार मिळाला नाही तर बरीचशी जनावरं दगावतात. जनावरांचे डॉक्टर वेळेत पोचले आणि त्यांनी मानेच्या शिरेतून कॅल्शियमची बाटली सावकाश चढवली, तर बाटली संपता संपता तीच गाय ढेकर देते, शेण टाकते आणि पाय सावरून उभी राहते. पुस्तकात या आजाराचं नाव दुग्धज्वर. गोठ्यात इतक्या झटपट गुण देणारा दुसरा उपचार क्वचितच असेल.

कारण सरळ हिशेबाचं आहे. दहा लिटर चिकातून सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातं. गाईच्या रक्तात मात्र एका वेळी त्याचा लहानसा हिस्साच असतो. उरलेलं हाडांतून, आतड्यांतून तासातासाला उपसून आणावं लागतं. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला ‘बाएफ’ ही संस्था उभी केली. तिच्यासारख्या संस्थांच्या कामातून पुणे-नगरच्या पट्ट्यात होल्स्टीन आणि जर्सीच्या संकरित गाई गोठ्यागोठ्यांत पोचल्या. दूध वाढलं, घरात रोजचा पैसा आला आणि त्याबरोबर हा हिशेब चुकण्याचा धोकाही आला. कॅल्शियम उपसून आणायचा हुकूम सुटतो तो गळ्यातल्या इवल्याशा ग्रंथींकडून. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात, मराठी ग्रंथांत परावटू.

माणसातही त्या असतात. थायरॉइडच्या मागच्या बाजूला चिकटलेले, पिवळसर तपकिरी रंगाचे, तांदळाच्या दाण्याएवढे चार ठिपके. एकाचं वजन साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम. सर्जनने कापताना चरबीचा गोळा समजून उडवावेत असे. आणि नेमकं तेच अनेक वर्षं घडलं. या ग्रंथींचं काम कळलं ते त्या चुकून कापल्या गेल्यावर. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेची कहाणीही अशीच आहे: अल्सरसाठी पोट कापलं आणि माणूस भलत्याच कारणाने बारीक झाला, तिथून तिची आज टिकलेली वाट सुरू होते. दोन्ही कहाण्या पुढे एकाच रुग्णात येऊन भेटतात.

सुरुवात एका भारतीय गेंड्यापासून करावी लागते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८३४ मध्ये एक एकशिंगी गेंडा विकत घेतला. पंधरा वर्षं तो तिथे जगला आणि १८४९ मध्ये मेला. एवढं अवाढव्य आणि दुर्मीळ जनावर, त्यामुळे त्याचं विच्छेदन करायला रिचर्ड ओवेन हे त्या काळातले नामांकित शरीररचनातज्ज्ञ पुढे आले. ‘डायनोसॉर’ हे नाव जगाला देणारे तेच हे ओवेन. गेंड्याच्या गळ्यात, थायरॉइडमधून शिरा बाहेर पडतात तिथे, त्यांना एक लहान, घट्ट, पिवळी गाठ दिसली. १८५० मध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी तिची नोंद केली आणि ते पुढच्या अवयवाकडे वळले. एवढ्या मोठ्या देहात एवढी छोटी गोष्ट नजरेने टिपली, हे त्यांचं कौतुक. ती काय करते हा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

माणसातल्या ग्रंथी शोधल्या त्या स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने. इवार सँडस्ट्रोमला १८७७ मध्ये कुत्र्याच्या थायरॉइडवर एक बारीक दाणा दिसला. मग त्याने मांजर, ससा, बैल, घोडा असे गळे तपासले आणि शेवटी पन्नास मृत माणसांचे. १८८० मध्ये त्याने सविस्तर लेख लिहिला, नावही दिलं. जर्मन नियतकालिकाने तो घेतला नाही, म्हणून तो उप्सालाच्या डॉक्टरमंडळाच्या अंकात स्वीडिश भाषेत छापला गेला, जिथे तो जगातल्या फारच थोड्यांनी वाचला असणार. १८८९ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, सँडस्ट्रोमने आयुष्य संपवलं. त्याच्या ग्रंथींचं काम त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिकडे शस्त्रक्रियेच्या खोल्यांत त्याच वर्षांत माणसं आकडून मरत होती. गलगंड हा तेव्हाचा युरोपातल्या डोंगराळ भागाचा शाप. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ आणि बर्नमध्ये थिओडोर कोखर हे दोघं गलगंड कापण्यात सर्वांत पुढे. दोघांचेही रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचायचे, पण पुढे दोघांच्या वाट्याला वेगवेगळं दुखणं यायचं. बिलरोथच्या काही रुग्णांना एक-दोन दिवसांत टेटनी व्हायची: ओठांभोवती मुंग्या, हाताची बोटं आत वळलेली, मग सगळं अंग आखडून श्वास बंद. कोखरचे रुग्ण वाचायचे, पण महिन्यांनी फुगीर, मंद, थंड पडत जायचे.

या कोड्याची उकल पुढे अमेरिकेतल्या विल्यम हॉल्स्टेडने केली, आणि ती अशी मार्मिक आहे की शस्त्रक्रिया शिकणाऱ्यांना आजही सांगितली जाते. त्याने दोघांचंही काम डोळ्यांनी पाहिलं होतं. कोखर सावकाश, रक्ताचा थेंब न सांडता, थायरॉइडच्या आवरणाला चिकटून कापायचा. त्यामुळे थायरॉइड पूर्ण निघायची, पण मागचे दाणे शाबूत राहायचे. बिलरोथचा हात झपाट्याचा. थायरॉइडचे तुकडे मागे राहायचे आणि दाणे मात्र जायचे. एकाने थायरॉइड काय करते ते नकळत दाखवलं, दुसऱ्याने पॅराथायरॉइड काय करते ते. कोखरला १९०९ मध्ये नोबेल मिळालं. 

प्रत्यारोपणाचा पहिला प्रयोग याच घराण्यातला. बिलरोथचा शिष्य आंटोन फॉन आयसेल्सबर्ग याने १८९२ मध्ये मांजरांच्या गळ्यातली थायरॉइड, तिला चिकटलेल्या दाण्यांसकट, काढून पोटाच्या भिंतीत रुजवली. मांजरं ठीक राहिली. मग ते रुजवलेलं काढून घेतलं, तेव्हा त्यांना टेटनी झाली. म्हणजे गळ्यातली जागा महत्त्वाची नव्हती. ऊतक जिवंत राहिलं की पुरे. चारच वर्षांनी, १८९६ मध्ये, इटलीत वास्साले आणि जनराली यांनी थायरॉइडला हात न लावता फक्त दाणे काढून दाखवले. टेटनी त्यांच्याच अभावाने होते हे पक्कं झालं. १९०९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या मॅकॅलम आणि फेग्टलिन यांनी आकडलेल्या कुत्र्यांच्या शिरेत कॅल्शियम सोडलं आणि आकडी जागच्या जागी थांबली. काष्टीच्या गोठ्यात बाटली चढवल्यावर जे दिसतं, तेच.

हॉल्स्टेडकडे परत यायला हवं, कारण प्रत्यारोपणाचा खरा अभ्यास त्याचा. १९०७ मध्ये हर्बर्ट इव्हान्स या विद्यार्थ्याबरोबर त्याने या दाण्यांना रक्त कुठून येतं ते दाखवलं. एकेका दाण्याला जाणारी एवढीशी धमनी. ती बांधली की दाणा जागेवर असूनही मेला. सर्जनने ग्रंथी ‘वाचवली’ असं म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण आखडायचा, त्याचं कारण सापडलं. मग त्याने कुत्र्यांत प्रत्यारोपणाची मालिका केली आणि १९०९ मध्ये निष्कर्ष छापले. स्वतःच्याच कुत्र्यात रुजवलेली ग्रंथी टिकायची, दुसऱ्याची कधीच नाही. आणि स्वतःची टिकायची तीही एका अटीवर: आधी निम्म्याहून जास्त ग्रंथी काढून शरीरात तुटवडा निर्माण केला असेल तरच. गरज नसताना रुजवलेला तुकडा सुकून जायचा. याला हॉल्स्टेडचा नियम म्हणतात. पुढे त्याला अपवाद सापडले आणि आज तो अक्षरशः कुणी मानत नाही. पण ग्रंथीला गरज भासल्याशिवाय ती जोर धरत नाही, हे त्याचं मूळ निरीक्षण वेगळ्याच ठिकाणी खरं ठरलं. ते पुढे येईल.

१९२५ हे या इतिहासातलं सर्वांत गजबजलेलं वर्ष. कॅनडात इन्शुलिनच्या शोधात हात असलेल्या जेम्स कोलिप याने बैलांच्या पॅराथायरॉइडमधून पहिला खात्रीचा अर्क काढला. एडिंबरोत पशुवैद्यकातल्या ड्रायर आणि ग्रेग यांनी सुचवलं की दुग्धज्वर हा याच ग्रंथींच्या कमतरतेचा प्रकार असावा, कारण ग्रंथी काढलेला कुत्रा आणि व्यायलेली गाय यांची लक्षणं जुळतात. लिटल आणि राइट यांनी त्याच वर्षी बसलेल्या गाईंचं रक्त तपासून कॅल्शियम खरोखर घसरलेलं दाखवलं. त्याआधी या आजारावर काय काय केलं जात होतं हे वाचण्यासारखं आहे. डेन्मार्कच्या श्मिट याने १८९७ मध्ये कासेत विष तयार होतं असं मानून सडांतून आयोडाइडचं द्रावण सोडलं आणि बऱ्याच गाई वाचल्या. मग कुणाच्या लक्षात आलं की नुसती हवा भरली तरी वाचतात, आणि काही वर्षं शेतकरी पंपाने गाईची कास फुगवत होते. फुगलेल्या कासेत दूध उतरायचं थांबतं, त्यामुळे कॅल्शियम रक्तात राहतं. सिद्धांत चुकलेला, उपाय बरोबर. वैद्यकात असं नेहमीच घडतं आणि तसं मान्य करायला कुणी तयार नसतं.

ड्रायर-ग्रेग यांचं अनुमानही पुढे अर्धंच खरं ठरलं. बसलेल्या गाईच्या रक्तात पॅराथायरॉइडचं संप्रेरक कमी नसतं, उलट भरपूर असतं. हुकूम सुटलेला असतो, पण हाडं आणि मूत्रपिंडं तो ऐकायला उशीर करतात. १९५४ मध्ये बोडा आणि कोल यांनी एक उफराटा उपाय सुचवला: गाभण गाईला शेवटच्या दिवसांत कॅल्शियम कमी द्या. तुटवड्याच्या सवयीने ग्रंथी आणि हाडं आधीच कामाला लागतात आणि चिकाच्या दिवशी कमी पडत नाहीत. हॉल्स्टेडच्या कुत्र्यांत जे दिसलं होतं, तेच गाईत. व्यायच्या आधी गाईला भरमसाट कॅल्शियम पाजणारे गोठे आजही कमी नाहीत.

आता त्याच १९२५ मधलं व्हिएन्ना. ट्रामवर काम करणारा आल्बर्ट नावाचा एक माणूस. हाडं झिजून, मऊ होऊन मोडलेली, लघवीतून चुन्याचा गाळ पडायचा, चालता येईना. फेलिक्स मांडल या सर्जनपुढे प्रश्न होता: या माणसाची पॅराथायरॉइड कमी काम करते की जास्त? हाडं मऊ झालेल्यांच्या शवविच्छेदनात ग्रंथी मोठ्या दिसतात हे याकोब एर्डहाइमने १९०६ मध्येच सांगितलं होतं. पण त्याचं मत असं की हाडं बिघडली म्हणून ग्रंथी भरपाईसाठी वाढतात. तसं असेल तर रुग्णाला आणखी ग्रंथी द्यायला हव्यात. मांडलने ते केलं. आधी अर्क दिले, मग रस्त्यावरच्या अपघातात दगावलेल्या माणसाच्या ताज्या ग्रंथी आल्बर्टमध्ये रुजवल्या. काहीच फरक पडला नाही.

तेव्हा त्याने उलट विचार केला. ३० जुलै १९२५ रोजी गळा उघडला, एका बाजूला गाठ सापडली, ती काढली. आल्बर्टच्या लघवीतलं कॅल्शियम उतरलं, हाडं भरू लागली, काठी घेऊन तो चालायला लागला. पुढे काही वर्षांनी आजार परतला आणि तो गेला, हे खरं. पण जी ग्रंथी आधी घालून पाहिली तीच काढून माणूस बरा झाला, असा हा प्रसंग. आपल्याच उपचाराच्या विरुद्ध पुरावा मिळाल्यावर मांडल अडून बसला नाही, ही त्याची थोरवी.

अमेरिकेतल्या चार्ल्स मार्टेलची गोष्ट आणखी विदारक. व्यापारी जहाजाचा हा धिप्पाड कप्तान हाडं खचून सात इंचांनी बुटका झाला. १९२६ पासून सहा वेळा त्याच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि गाठ सापडेना. गर्भात या ग्रंथी वरून खाली सरकत येतात, आणि वाटेत भरकटून छातीतही जाऊ शकतात. १९३२ मध्ये सातव्या खेपेला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये चर्चिल आणि कोप यांनी छाती उघडली, तेव्हा ती तिथे होती. एकदम टेटनी होऊ नये म्हणून त्यांनी गाठीचा छोटा तुकडा मुद्दाम मागे ठेवला. तरी कप्तान वाचला नाही. मूतखड्याच्या गुंतागुंतीत सुमारे सहा आठवड्यांनी गेला.

मागे किती ठेवायचं आणि कुठे ठेवायचं, हा प्रश्न त्यानंतर जवळजवळ अर्धं शतक सर्जनांना छळत राहिला. फ्रँक लाही याने १९२६ मध्ये थायरॉइड काढताना रक्तपुरवठा तुटलेला दाणा गळ्याच्या स्नायूत रुजवायची पद्धत सांगितली होती. मुंबई-पुण्यापासून जिल्ह्याच्या गावापर्यंत आज ती सर्जनांच्या हातची आहे. पण मूत्रपिंडं निकामी झालेल्यांचं काय? त्यांच्या चारही ग्रंथी वर्षानुवर्षं कॅल्शियमच्या तुटवड्याशी झगडून फुगतात. चारही काढाव्यात तर टेटनी, एक गळ्यात ठेवावी तर ती पुन्हा फुगते आणि दुसऱ्यांदा गळा उघडताना आवाजाची नस कापायची भीती.

उत्तर १९७५ मध्ये सॅम्युएल वेल्स या अमेरिकन सर्जनने दिलं, आणि ते इतकं साधं होतं की आधी कुणाला कसं सुचलं नाही याचं नवल वाटावं. चारही ग्रंथी काढायच्या. एकीचे मिलिमीटरभर आकाराचे तुकडे करायचे आणि हाताच्या कोपराखालच्या स्नायूत छोट्या छोट्या खिशांत पेरायचे, प्रत्येक ठिकाणी टाक्याची खूण ठेवून. काही आठवड्यांत रक्तवाहिन्या त्यांत शिरतात. तुकडे जगले की नाही हे बघायला त्या हातातलं आणि दुसऱ्या हातातलं रक्त तपासून संप्रेरकाची तुलना करायची. पुन्हा ते फुगलेच, तर गळ्याला धक्का न लावता, हाताला भूल देऊन दोन-चार तुकडे काढून टाकायचे. उरलेले तुकडे गोठवून ठेवायची सोयही वेल्सने शोधली. हॉल्स्टेडचे कुत्रे आणि आयसेल्सबर्गची मांजरं माणसाच्या कामी आली, ती अशी.

लठ्ठपणाची कहाणी तुलनेने तरुण आणि थोडी बेफिकीर. १९५४ मध्ये मिनेसोटात क्रेमन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वळसा घालून टाळला, म्हणजे अन्न शोषलंच जाणार नाही. पुढे लॉस एंजेलिसच्या पेन याने तो मार्ग पुष्कळ रुग्णांवर चालवला. वजन उतरलं. त्याबरोबर न थांबणारे जुलाब, यकृत निकामी होणं, मूतखडे आणि ठिसूळ हाडं आली. न शोषलेली चरबी आतड्यात कॅल्शियमला पकडून ठेवते, मग मोकळं ऑक्सॅलेट रक्तात जातं आणि मूत्रपिंडात खडे होतात. मार्टेलच्या मूत्रपिंडात खडे झाले ते कॅल्शियम जास्त झाल्याने, यांच्यात झाले ते कॅल्शियम आतड्यातच अडकल्याने. १९८०च्या सुमारास ही शस्त्रक्रिया मागे पडली; ज्यांच्यावर झाली होती त्यांच्यातल्या अनेकांची आतडी पुन्हा जोडावी लागली.

आयोवाच्या एडवर्ड मेसनची वाट जास्त टिकली. अल्सरसाठी पोटाचा भाग काढलेल्या बायका पुढे कितीही खाल्लं तरी जाड होत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. १९६६ मध्ये त्याने पोटाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली: हीच गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात. मेसन शंभरी ओलांडून २०२० मध्ये गेला, तोवर त्याच्या शस्त्रक्रियेची अनेक रूपं झाली होती. १९९४ मध्ये ती दुर्बिणीने, बारीक छिद्रांतून झाली. १९९५ मध्ये वॉल्टर पोरीस याने शेकडो रुग्णांचा अनुभव छापला, त्यात वजनापेक्षा मोठी बातमी अशी की बहुतेकांचा मधुमेहही मागे हटला होता.

भारतात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं दार मुंबईच्या डॉ. तेहेम्टन उडवाडियांनी उघडलं. १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं, ते देशातलं पहिलं. महाराष्ट्रातली लठ्ठपणाची शस्त्रक्रिया त्या परंपरेतच वाढली. पण इथे शस्त्रक्रियेआधी एका वेगळ्याच शोधाने प्रश्नाची मांडणी बदलली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा मागोवा घेत होते. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची, पण बारीक दिसणाऱ्या या बाळांच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांचं एक छायाचित्र छापून आलं. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. यडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. एका पानात एवढं काही सांगणारे वैद्यकीय लेख फार नाहीत.

या बारीक-जाड्या भारतीय शरीराने सर्जनांनाही फेरविचार करायला लावला. अमेरिकेत १९९१ पासून शस्त्रक्रियेसाठी इंडेक्स ४०, किंवा मधुमेहासारखा आजार असेल तर ३५, अशी रेघ होती. भारतीय तज्ज्ञांनी ती ३७.५ आणि ३२.५ वर आणली. पुण्याचे डॉ. शशांक शहा आणि डॉ. जयश्री तोडकर यांनी सिॲटलच्या डेव्हिड कमिंग्ज यांच्याबरोबर आणखी खाली पाहिलं. इंडेक्स २२ ते ३५ असलेल्या, म्हणजे पाश्चात्त्य मापाने फारशा लठ्ठ नसलेल्या, १५ मधुमेही रुग्णांवर त्यांनी गॅस्ट्रिक बायपास केली. रक्तातली साखर काही महिन्यांत ताब्यात आली आणि औषधं सुटली. २०१० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा हा आकडा छोटा आहे, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तरी वजन हाच या शस्त्रक्रियेचा एकमेव हेतू नाही, हे पुण्यातून ठसठशीतपणे सांगितलं गेलं.

लोकांच्या लक्षात मात्र २०१७ राहिलं. इजिप्तच्या अलेक्झांड्रियातली, सुमारे पाचशे किलो वजन सांगितली गेलेली एक तरुणी मालवाहू विमानाने मुंबईत आणली गेली, क्रेनने रुग्णालयात उचलली गेली. तिच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली, तपासात भूक आवरणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाच्या ग्राहकातच जन्मजात बिघाड सापडला. मे महिन्यात ती अबू धाबीला गेली आणि सप्टेंबरमध्ये वारली. वाहिन्यांनी दिवसागणिक किलो मोजले. असा लठ्ठपणा हा जनुकांचा आजार असतो, हे त्या गोंगाटात जेमतेम ऐकू आलं.

दोन्ही कहाण्या भेटतात त्या लहान आतड्याच्या सुरुवातीला. कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जातं आणि गॅस्ट्रिक बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळला जातो. त्यात भारतीय रुग्णांत ड जीवनसत्त्वाचा तुटवडा सर्रास, आणि लठ्ठ माणसात ते चरबीत अडकून पडतं, म्हणून कित्येकांच्या पॅराथायरॉइड शस्त्रक्रियेआधीच ताणलेल्या असतात. बायपासनंतर त्या आणखी जोराने हाडांतून कॅल्शियम उपसतात. रक्तातला आकडा वर्षानुवर्षं नीट दिसतो, हाडं मात्र रिकामी होत जातात. संप्रेरक वाढलेलं पाहून कुणी ग्रंथीच काढायला निघालं तर ती मांडलच्या पहिल्या चुकीची उलटी आवृत्ती होईल. ग्रंथीचा आजार असेल तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असतं. इथे ते नेहमीसारखं किंवा कमी असतं आणि ग्रंथी फक्त आपलं काम करत असते.

खरा धोका वेगळा. बायपास झालेल्या माणसाला पुढे थायरॉइडची गाठ होते, ती काढताना चारही दाणे दुखावतात आणि टेटनी येते. अशा माणसाला गोळ्या देऊन भागत नाही, कारण गोळी शोषायची जागाच वळशाबाहेर गेलेली असते. महिनोन्‌महिने शिरेतून कॅल्शियम द्यावं लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून अशा रुग्णात दाणे ओळखून राखणं, राखता आले नाहीत तर तिथल्या तिथे स्नायूत रुजवणं, हे सर्जनचं पहिलं काम ठरतं.

तेव्हा पोट किंवा आतडं लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली असेल, तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत कायम घ्या. मार्गदर्शक सूचना दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची आहे, आणि पोटातलं आम्ल कमी झालेल्यांना सायट्रेटची गोळी कार्बोनेटपेक्षा बरी. वर्षातून एकदा कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइडचं संप्रेरक तपासून घ्या. आणि पुढे कधी गळ्याची शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर पोटाच्या शस्त्रक्रियेचे कागद सोबत नेऊन सर्जनच्या हातात द्या, त्यांनी विचारायची वाट न बघता.